कोहाड मास्तरांचं दहावं बोट

“कसं दिसते बे?” कोहाड मास्तरांनी डावा पंजा माझ्या नाकासमोर धरला.

मी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, अंगणातल्या उन्हात नेऊन पाहिला. “खरं सांगू मास्तर? करंगळी अस्सल वाटते. बाकीची चार नकली वाटून राहिली.”

“मस्करी नको करू. चारले मैदानावर उभं राहायचं आहे मले.”

“मस्करी कुठे? नख तेवढं जरा जास्त गोड झालं. देवीचं वाटते.”

“तो म्हणे, पुरुषाचं नख मले जमत नाही. वर्षभर देव्याच घडवतो बिचारा.”

तो म्हणजे चितार ओळीतला मूर्तिकार. त्याने लाकडाची करंगळी कोरून मास्तरांच्या वर्णाची रंगवून दिली होती. बुडाशी चांदीचं वळं. ते उरलेल्या पेरावर घट्ट बसवलं आणि मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, वरून चामडी रंगाचा दोरा गुंडाळला, की चार हातांवरून ब्रह्मदेवालासुद्धा कळलं नसतं. खरी करंगळी कुठे गेली, याबद्दल मी लोकांना बरंच काही सांगत असे. गोरेवाड्याच्या जंगलातला वाघ त्यात यायचा, एकदा तर निजामाची तलवारही आली होती. पण खरं सांगायचं तर गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथचा पट्टा सुटला आणि बोट घेऊन गेला. मास्तर तिथे फिटर होते. मास्तर हे नाव शाळेतलं नव्हे, बास्केटबॉलच्या मैदानावरचं. नागपुरात एकोणीस वर्षं त्यांनी शिटी वाजवली होती, आणि त्यांनी दिलेल्या फाउलवर पोट्टे घरी जाऊन आईजवळ रडत, पण मैदानावर कोणी चूं करत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी चारला फायनल होती. गिरणीवाल्यांनी पगारी खेळाडू ठेवून आमच्याकडे पहिल्यांदाच लीग भरवली होती. बजरंग जिनिंग विरुद्ध ईश्वर स्पिनिंग. पण मास्तरांना काळजी फायनलची नव्हती. मुंबईहून सबनीस नावाचे निरीक्षक आले होते, ते मास्तरांनाच तपासायला. अखिल भारतीय पॅनेलचा बिल्ला मिळायचा की नाही, ते आज ठरणार होतं. लेखी परीक्षा मास्तर दोनदा पास झाले होते. दोन्ही वेळा कागद परत आला: ‘डाव्या हाताचे एक बोट नाही, सबब इशारे अस्पष्ट.’ सबनीस नवे होते, जुने कागद त्यांनी पाहिले नव्हते. आता वयाची अट आडवी येत होती. पुढच्या वर्षी अर्जसुद्धा करता आला नसता.

“निमजे,” मास्तर म्हणाले, “आज टेबलावर तू आहे. काही झालं तरी या बोटाचं नाव तोंडातून नाही निघालं पाहिजे.”

“मास्तर, माझ्या तोंडातून आजवर काय खरं निघालं?”

काकू आतून हसल्या. मास्तर नाही हसले.

टेबलावर मी कसा बसलो ते सांगायलाच हवं. मी पोस्टात टपाल निवडायचो आणि उरलेला वेळ थापा मारायचो. चहाच्या टपरीवर माझी अशी कीर्ती होती, की मी पाऊस पडतोय म्हटलं तर लोक छत्री मिटत. अशा माणसाला मास्तरांनी एक दिवस बोलावलं, हातात पेन दिलं आणि म्हणाले, “तोंड तुझं आहे. त्याने पाहिजे ते बोल. पेन माझं आहे. त्याने जे दिसलं तेच लिहायचं.” दुसरं कुणी मला साधा निरोपसुद्धा सांगू देत नव्हतं, आणि मास्तरांनी अख्ख्या मॅचचा हिशेब माझ्या हवाली केला. कोणी किती बास्केट केल्या, कोणाचे फाउल किती, सगळं. चार वर्षं मी त्या कागदावर एक टिंबही खोटं काढलं नव्हतं. माझ्या नावाला तेवढी एकच खरी गोष्ट चिकटलेली होती.

आता मास्तरांचे इशारे समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत हातातून जाईल. बास्केटबॉलच्या बनियनवर तेव्हा नंबर चारपासून पंधरापर्यंत असत. फाउल झाला, की रेफरी टेबलाकडे येऊन बोटांनी नंबर दाखवतो आणि स्कोअरर तो लिहितो. मास्तरांना आठपर्यंत काही अडचण नव्हती. नऊ दाखवायचं असेल तर उजव्या हाताची पाच आणि डाव्या हाताची होती नव्हती ती सगळी बोटं उघडायची, झाले नऊ. आणि दहा दाखवायचं असेल तर उजवाच पंजा दोनदा उघडायचा, पाच आणि पाच. सगळ्या नागपूरला ही भाषा पाठ होती.

मैदानावर चार हजार माणूस होता. बरं, हजार म्हणा. झाडांवरचे धरून. कलत्या उन्हात संत्री सोलत बसलेले, आणि प्रत्येकाला रेफरीपेक्षा जास्त नियम ठाऊक. सबनीस माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, मांडीवर वही. त्यांनी माझा कागद एकदा वरपासून खालपर्यंत वाचला.

“अक्षर चांगलं आहे तुमचं.”

“माझ्या आजोबांना भोसल्यांनी अक्षरासाठी गाव इनाम दिलं होतं साहेब,” मी म्हणालो. तोंडच ते.

“असं?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वही उघडली.

आणि मग चंदू बोरकुटे खेळायला लागला. बजरंग जिनिंगचा दहा नंबर. बांबूसारखा उंच, आणि उडी अशी, की वर गेला की माणसं संत्र्याची एक फोड खाऊन घेत आणि मग तो खाली येई. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. अर्धी मॅच झाली तेव्हा बजरंगचे एक्केचाळीस होते आणि त्यातले चोवीस चंदूचे. तीन पॉइंटची रेघ तेव्हा जन्मली नव्हती, म्हणजे बास्केट करून करून चोवीस. माझ्या कागदावर दहाच्या ओळीला जागा पुरेना.

त्याच ओळीत फाउलच्या पाच चौकटी होत्या. पाच भरल्या, की खेळाडू बाहेर. पहिल्या अर्ध्यात मास्तरांनी शिटी वाजवून उजवा पंजा दोनदा उघडला. दहा. मी लिहिलं. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही पंजे समोर धरले, दहाच्या दहा बोटं. मला मनातून आनंद झाला. म्हटलं, वा मास्तर, बोट आलं तर आता सगळ्या जगासारखं सरळ दहा दाखवायला लागले! मी लिहिलं, दहा.

दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा उजवा पंजा दोनदा. मग पुन्हा दहा बोटं. चंदूच्या चार चौकटी भरल्या. नियमाप्रमाणे मी बजरंगच्या कोचला, झाडे नावाचा गृहस्थ होता, ओरडून सांगितलं, “झाडेभाऊ, दहा नंबरचे चार झाले!”

“चार?” झाडेभाऊ हसले. “दोन झाले बे. काहून फेकून राहिला?”

“अहो, लिहिलेलं आहे!”

“तू अन् तुझं लिहिलेलं!” त्यांनी पाठ फिरवली. आयुष्यभराच्या थापा अशा वेळी वसूल होतात.

मॅच संपायला साडेचार मिनिटं उरली होती. ईश्वर स्पिनिंग एका पॉइंटने पुढे. चंदूचे अडतीस झाले होते. तेवढ्या पॉइंटचा माणूस आमच्या मैदानाने पाहिलाच नव्हता. त्या क्षणी मास्तरांनी शिटी वाजवली, धावत टेबलासमोर आले आणि दोन्ही पंजे उघडले. दहा बोटं. शेवटचं नख देवीचं.

मी पाचवी चौकट भरली, उठून उभा राहिलो. “दहा नंबर, पाच फाउल. बाहेर.”

असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. हजार माणसं एकदम “काय?” म्हणाली. चंदू मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून धावत आला. “मी? मी इथं होतो भाऊ! मी हातसुद्धा नाही लावला!”

मास्तर कपाळाला आठी घालून माझ्याकडे आले. “दहा कुठून आणला बे? नऊ दिला मी. हे काय, नऊ!” आणि त्यांनी पुन्हा दोन्ही पंजे उघडले.

ते पंजे तसेच हवेत राहिले. मी बोटांकडे पाहिलं, मास्तरांनीही पाहिलं. एकोणीस वर्षांची सवय त्यांच्या हातात बसली होती. डावा पंजा पूर्ण उघडला की नऊ. त्या पंजात आज एक भाडेकरू राहायला आलाय, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. आणि लाकडाचं बोट थोडंच मिटतं! उजवा पंजा दोनदा, ते खरोखरचे दहा, दोन वेळा. बाकीचे तिन्ही नऊ नंबरचे. चंदूचे फाउल दोनच होते.

मास्तरांनी हळूच हात खाली घेतले.

सबनीस वहीत शेरा लिहीत होते, त्यांना पंजे दिसले नव्हते; आता ते वही मिटून उभे राहिले. “काय गोंधळ आहे? रेफरी म्हणतात नऊ. स्कोअररने लिहिलंय दहा. स्कोअरर, तुम्हाला रेफरींनी काय दाखवलं?”

दहा दाखवलं, असं खरं सांगितलं असतं, तर ते म्हणाले असते, रेफरी, पुन्हा दाखवा. आणि पुन्हा दाखवताना दोन हातांवरून ते बोट कोणालाही ओळखू आलं असतं. दहा नाहीच दाखवलं म्हटलं, तर चूक माझी, आणि बिल्ला शाबूत.

“नऊ दाखवलं साहेब,” मी म्हणालो. “मी चुकून दहा लिहिलं.”

“एकदा?”

“तीनदा.”

“तीनदा चुकलात? कागद समोर, रेफरी समोर?”

“माझं लक्ष नव्हतं. तिकडे झाडाखाली पोरी बसल्या होत्या...”

मागे कोणीतरी हसलं. सबनीस नाही हसले. “पेन द्या.”

मी पेनकडे पाहिलं. चार वर्षं माझ्या खिशाला लागलेलं, निळं, टोपणाला दोरा बांधलेलं पेन.

“द्या म्हणतो ना. तुम्ही या टेबलावर बसायला लायक नाही. आज नाही आणि पुढे कधीच नाही. मी तसं लिहून देतोय.”

मी पेन दिलं. झाडेभाऊ मोठ्याने म्हणाले, “मी म्हटलं होतं ना? फेकतो म्हणून!” लोकांत एकच गलका उठला. कोणी संत्र्याची सालं मारली, एक माझ्या कानाला लागलं. मी खुर्ची मागे सारली आणि टेबलाच्या कडेने निघालो. मास्तरांनी शिटी तोंडाला लावली होती. फक्त वाजवायची होती. खेळ सुरू झाला असता, बिल्ला मिळाला असता, आणि मी त्यांच्यावर कधीही रागावलो नसतो. हे मात्र मी थापेबाज असूनही शपथेवर सांगतो.

शिटी वाजली नाही. मास्तर टेबलाकडे परत आले. त्यांनी दाताने दोरा तोडला, वळं फिरवलं आणि करंगळी काढून सबनीसांच्या वहीवर ठेवली.

“साहेब, त्याने बरोबर लिहिलं. तीनदा बरोबर लिहिलं. मी दहा दाखवले.”

झाडावरच्या पोरांनीसुद्धा माना पुढे काढल्या. सबनीस बोटाकडे बघत राहिले.

“हे... तुम्ही?”

“हाव. गिरणीत गेलं. वीस वर्षं होतील. आज तुमच्यासाठी लावलं होतं. माझा हात विसरला, की ते आहे.”

“कोहाड, हे तुम्ही आत्ता सांगितलं नसतं तर...”

“तर तुम्ही माझ्या स्कोअररचं पेन घेऊन गेले असते. ते त्याच्या बापाचं नाही. मी दिलेलं आहे.”

सबनीसांनी वहीवरचं बोट बाजूला ठेवलं. मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. “बसा. तीन फाउल दहातून खोडा, नऊच्या ओळीत लिहा. रेफरींची सही घ्या.” आणि मास्तरांना म्हणाले, “सामना तुम्हीच संपवा. मला अहवालात जे दिसलं ते लिहावं लागेल, कोहाड.”

“लिहाच ना साहेब. तेच तर म्हणून राहिलो मी.”

शेवटची साडेचार मिनिटं मास्तरांनी नऊ बोटांवर काढली. तेवढ्यात चार फाउल दिले, एकावरही कोणाचा आवाज निघाला नाही. एकदा त्यांनी उजवा पंजा दोनदा उघडला तर अख्ख्या मैदानाने एका सुरात ओरडून सांगितलं, “दहा!” चंदूचा तो तिसरा फाउल. त्याचे पॉइंट सेहेचाळीस झाले, बजरंग तीनने जिंकलं. चंदूचं नाव पुढे बरंच झालं. आजही कोणी पत्रकार आला की माझ्याकडे तो कागद मागतो आणि दहाच्या ओळीतले सेहेचाळीस मोजतो. त्या ओळीत तीन खोडलेल्या चौकटी आहेत आणि शेजारी मास्तरांची सही आहे, ते काय आहे असं अजून कोणी विचारलेलं नाही.

दिवे लागायच्या वेळी आम्ही दोघं सायकली हातात धरून घराकडे निघालो. मास्तर पुढे चालत होते. मग एकदम थांबले.

“खोटं बोलायले तोंड होतं ना तुझ्याजवळ? पेन काहून देलं बे?”

“बिल्ल्यासाठी, मास्तर. तुमचा बिल्ला...”

“माझा बिल्ला छातीवर राहिला असता. अन् रोज संध्याकाळी टेबलावर पाहिलं असतं तर तू नसता. मग कोणाले दाखवायचं मी नऊ अन् दहा?”

मी माझी सायकल विनाकारण पुसली.

आठवड्याभरात मुंबईचा लिफाफा आला. मास्तर नापास. सोबत दुसरं एक पत्र होतं, माझ्या नावाचं. सबनीसांनी मला राष्ट्रीय स्पर्धेच्या टेबलासाठी सुचवलं होतं. ‘समोर दिसेल तेच लिहितो,’ एवढंच कारण दिलं होतं. पुढची एकतीस वर्षं मी त्या एका ओळीवर देश हिंडलो. कटकपासून कोट्टायमपर्यंत टेबलावर बसलो, कोट मिळाला, मान मिळाला. हे सगळं ज्याचं होतं, तो माणूस इथे मातीच्या मैदानावर शिटी वाजवत राहिला.

ते पत्र घेऊन मी रडवेला होऊन मास्तरांच्या घरी गेलो, तर ते अंगणात सायकलची चेन साफ करत होते. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. काकूंना हाक मारून शिरा करायला सांगितलं. मग मला म्हणाले, “आता एक काम कर. उद्यापासून लोक येतील. तोंड पाडून बसतील. अरेरे मास्तर, अरेरे मास्तर. मले ते नाही पाहिजे. तुझं तोंड कशाले आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे फेक ना बे काहीतरी! चांगलं जोरात फेक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवर गेलो. तर्री-पोह्याची पहिली प्लेट संपायच्या आत मी सांगून मोकळा झालो, की बिल्ला आलाच होता, पण मास्तरांनी परत पाठवला. का? तर म्हणे, मी दिल्लीला जाऊन शिटी वाजवीन, पण इथल्या पोरांना संध्याकाळी पाचला फाउल कोण देईल? सबनीस साहेब स्वतः मास्तरांच्या दारात आले, तीन कप चहा प्यायले, हात जोडले. मास्तर नाही म्हणाले ते नाहीच म्हणाले. दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा विचारलं, असंही मी नंतर जोडून दिलं.

माझी एकही थाप त्या गावाने आजवर गिळली नव्हती. हीच नेमकी गिळली. हजार माणसांनी ते लाकडी बोट वहीवर पडताना पाहिलं होतं, तरी गिळली. टपरीवाल्याने तर मला त्यात एक सुधारणाही सुचवली, की चौथ्या कपाला साहेबांनी नको म्हटलं असं सांग.

मास्तर सत्तर वर्षांचे झाले तेव्हा नागपुरातल्या महाल भागात त्यांचा सत्कार झाला. त्यांनी फाउल दिलेली पोरं आता आजोबा झाली होती, ती सगळी आली होती. चंदू मुंबईहून आला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पायाशी बसला. नगरसेवक भाषणाला उभे राहिले. म्हणाले, “राष्ट्रीय पॅनेलचं बोलावणं या माणसाने एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा नाकारलं! कशासाठी? आपल्या पोरांसाठी!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी हार सावरत मला कोपर मारलं.

“तीनदा कधी बे?”

“मी तर दोनदाच सांगितलं होतं, मास्तर. तिसऱ्यांदा गावानेच नाकारलं.”